दगडांना नंबरप्लेट नसते

२४ नोव्हेंबर, सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. संगमनेर.

दत्तू,

आज अकरा वाजता मला पोलिसांपुढे जबाब द्यायचा आहे. तू कसा गेलास ते सांगायचे आहे. गाडीत आपण तिघे होतो. त्यातला तू नाहीस. तुझा पुतण्या सचिन गाडी चालवत होता, आणि त्याने पहिल्याच दिवशी दवाखान्यात आपले म्हणणे सांगून टाकले. ते खरे नाही. आता माझी पाळी आहे.

माझ्या डाव्या खांद्याचे हाड मोडले आहे, उजवा हात शाबूत आहे, त्यामुळे लिहिता येते. हाड सीटबेल्टने मोडले. त्यानेच मला जागेवर धरून ठेवले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात. मागच्या सीटवर तुला धरायला काहीही नव्हते.

तुझ्याविषयी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ज्येष्ठ विधिज्ञ, अपघातग्रस्तांचे कैवारी, वगैरे. त्या मी इथे लिहीत नाही. तुला त्या वाचून हसू आले असते आणि कात्रण मात्र तू जपून ठेवले असतेस.

आपण दोघांनी एकच काम केले, विरुद्ध बाजूंनी. अपघातात मेलेल्यांच्या आणि जायबंदी झालेल्यांच्या वतीने तू न्यायाधिकरणात उभा राहायचास. मी विमा कंपन्यांच्या वतीने. दिवसभर न्यायाधीशांसमोर एकमेकांचे मुद्दे खोडायचे आणि संध्याकाळी एकाच जीपमधून परतायचे, असे आपले आयुष्य गेले. अशिलांना ते पटत नसे. तुझ्या एका अशिलाने तुला तोंडावर विचारले होते, "वकीलसाहेब, तुमी फितूर तर न्हाई ना?" तू म्हणालास, "आरं, जीप माझी हाय. डिझेल वाचतंय त्याचं. फितूर असलाच तर तो हाय."

मला तू नावाने कधी हाक मारली नाहीस. "काय कंपनी, निघायचं का?" हे पहिल्या वर्षी ठरले आणि शेवटपर्यंत राहिले. न्यायालयात तुझी भाषा इतकी शुद्ध असे की लघुलेखकाला कागदावरून पेन उचलावे लागत नसे. जीपमध्ये बसलास की तू तुझ्या गावचा, कोल्हारचा व्हायचास. कुसुमवहिनी डबे दोन देत. दुसऱ्या डब्यावर खिळ्याने कोरलेले 'कंपनी' मी अजून विसरलेलो नाही. तो डबा मी परत केलेला नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

माझी पत्नी पुण्याच्या दवाखान्यात होती तेव्हा माझ्या सहा-सात प्रकरणांच्या तारखा एकापाठोपाठ आल्या. मी हजर नव्हतो. तू एकतर्फी जिंकू शकला असतास. प्रत्येक तारखेला तू उभा राहून म्हणालास, माझे विद्वान विरोधक अडचणीत आहेत, त्यांच्याशिवाय मला हे प्रकरण चालवता येणार नाही. तुझे अशील तुझ्यावर चिडले. हे मला न्यायालयाच्या कारकुनाकडून कळले, तुझ्याकडून नाही. मी तुला त्याबद्दल काही बोललो नाही. काय बोलायचे असते, ते मला आजही माहीत नाही.

आपला वाद मात्र कधी संपला नाही. तो आकड्यांचा होता. राज्याचा अपघातांचा वार्षिक अहवाल आला की मी तो बांधून घ्यायचो. कोणत्या कारणाने किती अपघात, किती मृत्यू, पट्टा न लावलेले किती, हेल्मेट नसलेले किती. माझे म्हणणे असे की माणूस रडतो म्हणून न्याय बदलत नाही, कारणे बदलली तरच रस्ता बदलतो, आणि कारणे आकड्यांतूनच दिसतात. तू अहवाल उघडायचास, 'अतिवेग' या रकान्यावर बोट ठेवायचास आणि विचारायचास, "हे कुणी लिवलं?"

"पोलिसांनी."

"कुठं बसून?"

"ठाण्यात."

"मेलेल्याला इचारलं का? अरे कंपनी, रस्त्यात खड्डा हुता, वळणावर झाड वाढलं हुतं, समोरून एकच दिवा असलेला टेम्पो आला, हे लिवायला दोन पानं लागत्यात. 'भरधाव' लिवायला एक शब्द. दमलेला मानूस एकच शब्द लिवतो. त्या शब्दाची तू बेरीज करतो, आन् मला दावतो."

यावर माझे उत्तर ठरलेले होते: अपुरा आकडा हा आकडाच नसण्यापेक्षा बरा. तुझेही ठरलेले होते: "तुझ्या अहवालात दगडाचा रकाना हाय का?"

दगडांवर तुझा दात होता. आपल्या भागात ट्रक बंद पडला, उसाच्या ट्रॉलीचे टायर फुटले, की चालक मागे रस्त्यावर चार-पाच मोठे दगड मांडतो, फांदी टाकतो. मागून येणाऱ्याने सावध व्हावे म्हणून. काम झाले की गाडी निघून जाते आणि दगड रस्त्यातच राहतात. ते उचलून बाजूला टाकावेत, हे कोणाला सुचत नाही. तू म्हणायचास, "दगड मांडनारा मानूस लई भला असतो. पंक्चर निघेपर्यंत." आणि जीप थांबवून काळ्या कोटातच उतरायचास. मी आत घड्याळाकडे पाहत बसायचो. तू दगड कडेला लोटून, हात झाडत परत यायचास. न्यायाधीशांपुढे कोपरापर्यंत मातीचे हात घेऊन तू कितीदा उभा राहिलास, हे मी मोजले नाही.

तो दिवस आता लिहितो. जबाबाच्या आधी एकदा क्रमाने लिहून पाहणे, ही माझी जुनी सवय आहे.

सचिनला काष्टीच्या बाजारात गाय बघायची होती. तुला बाजार बघायचा होता. गाय घेणारा आणि विकणारा रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतात ते बघायला तुला लहान मुलासारखे आवडायचे. "चल कंपनी, तितं उलटतपासणी रुमालाखाली हुती, तुला शिकायला मिळंल." मी आदल्या दिवशी तुझ्याकडे मुक्कामाला आलो. पहाटे साडेचारला कोल्हार सोडले.

गाडी सचिनची, नवी. मी पुढे बसलो, पट्टा लावला. तुला म्हणालो, मागेही पट्टा असतो, लाव. तू बाजूचा पट्टा ओढून दाखवलास आणि सीटवर चाचपू लागलास. नवे कव्हर घातले होते, रेक्झिनचे, शिवून घट्ट बसवलेले. पट्टा जिथे अडकवायचा ते कुलूप कव्हरच्या खाली गेले होते. तू म्हणालास, "सच्या, पट्टा हाय, पन त्याचं कुलूप तू झाकून टाकलंस." सचिन म्हणाला, "तात्या, मागं कुनीच लावत न्हाई. कव्हर किती भारी बसलंय बघा की." तू कव्हरवरून हात फिरवलास आणि म्हणालास, खरंच भारी बसलंय. माझ्याकडे बघून डोळा मारलास. मी पुढे बघत राहिलो.

नगर मागे पडले तेव्हा उजाडू लागले होते. दौंडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना ऊसतोड चालू होती. सचिन वेगात होता. फार वेगात होता असे मी म्हणणार नाही. रस्ता रिकामा दिसतो तेव्हा इथे सगळे ज्या वेगाने जातात त्या वेगात. त्याच्या फोनवर व्यापाऱ्याने गाईचा व्हिडिओ पाठवला. त्याने तो डाव्या हाताने उघडला आणि हसला.

तू मागून विचारलेस, "काय रं?"

"गाय आली, तात्या. बघा तर कास कशी हाय."

तू दोन्ही सीटच्या मधून पुढे वाकलास आणि म्हणालास, "दाव की मला बी."

सचिनने मान वळवून फोन मागे दिला. तो तुझ्या हातात पोचला की नाही, हे मला ठाऊक नाही. रस्त्यावर दगड होते. घागरीएवढे चार, पाचवा जरा लहान. पुढे डिझेलचा डाग आणि विखुरलेले उसाचे पाचट. ट्रॉली केव्हाच निघून गेली होती. पुढचे चाक दगडावर चढले, गाडी रस्ता सोडून निंबाच्या झाडावर गेली. आवाज एकच झाला.

तुझा चष्मा माझ्या मांडीवर येऊन पडला होता. फुटलेला नव्हता.

एवढेच मी पाहिले.

आता यातली अडचण. हे मी तुला समजावून सांगणे हास्यास्पद आहे, पण मांडून पाहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही. नुकसानभरपाईचा दावा करायचा तर कोणत्या तरी मोटार वाहनावर करावा लागतो. ज्याने दगड मांडले त्याची ट्रॉली कोणती, कोणालाच माहीत नाही, आणि दगडांना नंबरप्लेट नसते. मग राहिली सचिनची गाडी. तिचा विमा पूर्ण प्रकारचा आहे, आत बसलेल्या माणसाची तरतूद त्यात आहे. दावा टिकेल. पण त्यासाठी सचिनच्या चुकीने अपघात झाला, असे वहिनींनी म्हणावे लागेल. आणि सचिनवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा उभा राहील. तुझ्या भावामागे तू ज्याला वाढवलेस, ज्याने तुला अग्नी दिला, त्याच्यावर.

म्हणून दवाखान्यात सचिनने पोलिसांना सांगितले की समोर बिनदिव्याचा ट्रॅक्टर उभा होता.

काल दुपारी तिघे माझ्याकडे आले. वहिनी, सचिन आणि वहिनींचे भाऊ विठ्ठलराव. सचिनच्या कपाळाचे टाके निघाले आहेत. तो दाराशीच उभा राहिला. बोलायचे काम विठ्ठलरावांनी घेतले.

"साहेब, ट्रॅक्टर बघून ठेवलाय. कागद क्लिअर हायेत, इन्शुरन्स चालू हाय, मालक आपल्याच गोतातला. तुमी फकस्त म्हनायचं, उभा हुता, मागं लाईट नव्हता."

"ट्रॅक्टर नव्हता."

"दगड हुते का न्हाई?"

"होते."

"मंग दगड काय आभाळातून पडले? कुनाचा तरी ट्रॅक्टर हुताच की तितं. त्यो घावत न्हाई, म्हनून ह्यो."

दत्तू, हा युक्तिवाद तू केला असतास तर मी तारीख मागून घेतली असती. ट्रॅक्टर होता, दगड त्याचेच होते, चूक त्याच्याच चालकाची होती. फक्त तो हा नव्हता.

मला तुझी ती बाई आठवली. भाजी विकणाऱ्याची विधवा. तिच्या दिरांनी असाच एक ट्रक उभा केला होता, तुला न सांगता. मी ट्रकच्या चालकाची उलटतपासणी घेतली आणि तो त्या दिवशी जिल्ह्यातच नव्हता हे त्याच्याच तोंडून काढले. दावा फेटाळला गेला. परतताना राहुरी आली तेव्हा तू जीपचा वेग कमी केलास. मग म्हणालास, "तू खरं शोधलंस, कंपनी. बाईचा नवरा मात्र खराच मेला हुता. तिच्या हाती काय आलं?"

मी म्हणालो, ते पाहणे माझे काम नव्हते.

"मंग कुनाचं?"

ती उलटतपासणी योग्य होती, असे मी आजही म्हणेन. तुझा प्रश्नही योग्य होता. दोन्ही गोष्टी इतकी वर्षे शेजारी शेजारी राहिल्या आणि एकीने दुसरीला हलवले नाही. काल मात्र त्या माझ्या बैठकीच्या खोलीत समोर येऊन बसल्या, आणि त्या बाईच्या जागी कुसुमवहिनी होत्या.

मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गेलेला मानूस काई परत यायचा न्हाई. आता हा एकच हाय मला. ह्याला पोलिसांच्या हाती देऊ नका."

मी म्हणालो, विचार करतो.

"आन् एक सांगा. ते जाताना काई म्हनले का?"

मी सचिनकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. त्याला ठाऊक आहे. तुझे शेवटचे वाक्य आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.

मी म्हणालो, "उद्या सांगतो, वहिनी." त्यांनी चहा अर्धा ठेवला.

तुला कळले असेल मी कुठे अडकलो आहे. खोट्या ट्रॅक्टरचा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला होता. मी तो म्हणणार नव्हतोच. प्रश्न त्या चार शब्दांचा आहे. "दाव की मला बी" हे मी सांगितले नाही, तर सगळा भार सचिनवर जातो: गाडी चालवताना फोन पाहत होता, त्याने चुलत्याला मारले. वहिनींचा दावा मात्र भक्कम होतो. सांगितले, तर सचिनचा भार हलका होतो आणि दावा लंगडा होतो. कंपनीचा वकील म्हणेल, मयताने पट्टा लावला नव्हता, मयताने स्वतः चालकाकडे फोन मागितला, अपघाताला मयताचाही हातभार आहे, रक्कम कमी करा. मला ते माहीत आहे, कारण तो वकील मीच असतो. मी याच वाक्यावर उभा राहिलो असतो आणि पाऊण तास बोललो असतो. पट्ट्याच्या कुलपावर कव्हर होते, हे तू मध्येच उठून सांगितले असतेस. मी म्हणालो असतो, कव्हर भारी बसलेय असे मयत स्वतः म्हणाला.

तू मला सुटका ठेवली नाहीस. एक तर तुझ्या पुतण्यावर तुझा भार टाकायचा, किंवा तुझ्या बायकोच्या ताटातले काढायचे. आणि दोन्ही तुझ्याच वाक्याने.

मला तुझा राग येतो. हे लिहायला हवे. तुझ्या वयाच्या माणसाने गाईच्या कासेसाठी दोन सीटच्या मधून वाकू नये. मी पुढे बसलो होतो. मला म्हणाला असतास, तर व्हिडिओ मी धरून दाखवला असता. नाराजीने, पण दाखवला असता.

सव्वासात झाले. बसची वेळ झाली. उरलेले परतताना.

*

हा भाग एसटीत बसून लिहितो आहे. अक्षर हलते.

ठाण्याबाहेरच्या बाकावर सचिन आणि विठ्ठलराव माझ्या आधी येऊन बसले होते. मी सचिनला म्हणालो, "ट्रॅक्टर नव्हता, हे मी सांगणार आहे. फोन होता, हेही."

विठ्ठलराव उठून उभे राहिले. "कंपनीचंच मानूस तुमी. शेवटपत्तुर कंपनीचंच."

'कंपनी' हा शब्द तुझ्या तोंडी मी इतक्या वेळा ऐकला आहे की दुसऱ्याच्या तोंडून तो ओळखूच येईना.

सचिन बसूनच राहिला. म्हणाला, "काका, सांगा तुमी. मी बी सांगतो आता. मला झोप न्हाई. पन एक करा. तात्यांनी मागितला, हे नका सांगू."

"का?"

"त्यांनी मागितला म्हनून दिला, असं म्हनायला मला तोंड न्हाई. चालवत मी हुतो. आन् काकूला कळलं, तर ती जलमभर त्यांच्यावर चिडंल. मेलेल्यावर चिडून कुठं जायचं तिनं?"

दत्तू, या पोराला तू वाढवलेस. हे मी आज पाहिले. तू जिवंत असतास तर मी तुला हे बोललो नसतो, म्हणून इथे लिहिले.

मी त्याला म्हणालो, "ते वाक्य तुझे नाही, म्हणून ते झाकण्याचा अधिकारही तुझा नाही. मी ऐकले आहे. मला विचारले जाईल तेव्हा मी ऐकलेले सगळे सांगेन. अर्धे सांगायचे असते तर ट्रॅक्टरच काय वाईट होता?"

विठ्ठलराव ऐकत होते. त्यांनी चपला घातल्या आणि रस्त्याकडे निघून गेले.

जबाब घेणारा हवालदार तरुण होता, नीट होता. मी पाहिलेले क्रमाने सांगितले. वेग, फोन, पट्ट्यावरचे कव्हर, दगड, डाग, पाचट. शेवटी तुझे वाक्य, तुझ्याच शब्दांत. त्याने विचारले, "'मला पण दाखव' असे लिहू का?" मी म्हणालो, "जसे बोलला तसे लिहा." त्याने 'दाव की मला बी' असे टंकले, आणि ते शब्द पडद्यावर उमटले. तुझा आवाज त्यात नव्हता. मी पाणी मागितले. त्याने दिले.

मग त्याने कारणांची यादी उघडली. "साहेब, मुख्य कारण काय टाकू? अतिवेग, का मोबाईलचा वापर?"

"दगड आहे का यादीत?"

त्याने वर-खाली पाहिले. "न्हाई साहेब. 'इतर' हाय. पण एकच निवडता येतं."

"मग काय निवडणार?"

"अतिवेगच टाकतात बहुतेक," असे म्हणून तो थांबला. जेवणाची वेळ टळली होती, तो दमला होता. मी आयुष्यभर ज्याची बेरीज केली ते कसे तयार होते, हे त्याच्या खुर्चीमागे उभे राहून मी पहिल्यांदा पाहिले. या एका मुद्द्यावर तुझे बरोबर होते. एकाच. त्याने 'मोबाईल' निवडले. सविस्तर मजकुरात दगड घालून घेतले आहेत. पुढच्या अहवालात तू मोबाईलच्या रकान्यात असशील. मी तो अहवाल बांधून घेईन की नाही, हे आज सांगता येत नाही.

साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत, हे तुला माहीतच आहे. मी तो दोनदा वाचला आणि परत दिला.

त्यानंतर सचिनने आपले पहिले म्हणणे मागे घेतले आणि सगळे सांगितले. गुन्हा दाखल झाला. अटक दाखवली. कलम जामीनपात्र आहे, ठाण्यातच सोडतात, पण जामीनदार लागतो. हवालदाराने विचारले, "कोण आहे बरोबर?" सचिनने बाहेर पाहिले. बाकावर कोणी नव्हते.

मी म्हणालो, "मी आहे."

"साहेब, तुम्ही साक्षीदार. तुमच्या जबाबावरच तर हे झालं."

"साक्षीदाराने जामीन राहू नये असे कुठे लिहिले आहे, ते दाखवा."

तो आत जाऊन साहेबांना विचारून आला. कुठे लिहिलेले नव्हते.

दावा कोण चालवेल, ते ठरायचे आहे. मी साक्षीदार, मला उभे राहता येणार नाही. नव्या पोरांपैकी कोणाला तरी गाठीन आणि कंपनीचा वकील काय काय म्हणेल ते त्याला आधीच सांगून ठेवीन. कव्हर घातल्याने पट्टा लावणे अशक्य होते, हा मुद्दा पहिला घ्यायला सांगेन. तुझा मुद्दा आहे, चांगला आहे. त्याला उत्तर देताना मला त्रास झाला असता. दगड मांडणे हाही वाहनाच्या वापराचाच भाग मानावा आणि ती ट्रॉली शोधावी, असेही तू म्हणाला असतास. त्यासाठी परिसरातल्या कारखान्यांकडे त्या पहाटेच्या गाड्यांची माहिती मागता येईल. मागायला सांगतो.

वहिनींना अजून काही सांगितलेले नाही. ते वाक्य त्यांना जबाबाच्या नकलेतून कळता कामा नये. सचिनला मी विचारले, तू सांगतोस की मी सांगू? तो म्हणाला, "तुमी सांगा काका. मी शेजारी बसतो." त्या चिडतील, हे त्याचे म्हणणे खरे आहे. त्यांना चिडू द्यावे. माझ्यावर, तुझ्यावर, कोणावरही. निदान तू जसा गेलास तशा तुझ्यावर चिडतील, विठ्ठलरावांनी बघून ठेवलेल्या ट्रॅक्टरवर नाही. याहून जास्त मला तुझ्यासाठी काही करता आलेले नाही. ते पुरेसे आहे की नाही, हे ठरवणारा तू होतास.

जामीनपत्रावर सही केली, आधार कार्डाची आणि घरपट्टीच्या पावतीची प्रत जोडली. नगरला गाडी बदलली. माझे संगमनेरला जायचे राहिले. कंडक्टर आला तेव्हा सचिन खिशात हात घालू लागला, त्याला थांबवले, आणि कोल्हारची दोन तिकिटे काढली. एक पूर्ण, एक ज्येष्ठांचे अर्धे.